ट्रॉलीसमोरचा कप्तान

मी ट्रॅक्टर चालवते. यात हसण्यासारखं काही नाही, पण दर रविवारी ट्रॉलीत एक तरी शहाणा चढतोच, जो बायकोच्या कानात कुजबुजतो, "अगं, ही बाई चालवणार?" मी त्याचा चेहरा लक्षात ठेवते आणि पहिलं वळण जरा जोरातच घेते. मग गडी दांडी घट्ट धरून गप्प बसतो. माझा स्वभावच तसला. आई म्हणायची, हिच्या नादाला लागू नका रे, ही तिच्या बापाचंही ऐकत नाही.

तर ती ट्रॉली. दोन्ही बाजूंना बाकं, बाकांपुढे लोखंडी दांडी आणि दांडीला साखळीनं बांधलेल्या रंगाच्या बंदुका. गिऱ्हाइकानं आरामात बसायचं. मी ट्रॅक्टर हळूहळू झाडीतून न्यायचा. मग गंजक्या पिंपांमागून, मोडक्या गाड्यांमागून मढी उठतात. झॉम्बी म्हणतात त्यांना, मी मढीच म्हणते. गिऱ्हाइकांनी त्यांच्यावर रंगाच्या गोळ्या झाडायच्या. मढ्यांकडे बंदूक नसते. अंगात जाड स्पंजचे कपडे, तोंडावर मास्क आणि मास्कवर रबराचा सडका चेहरा. डोक्यात गोळी बसली की पडायचं. ट्रॉली पुढे गेली की उठायचं, आडवाटेनं पुढच्या पिंपामागे जायचं आणि पुन्हा मरायला तयार व्हायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो मी दर शनिवार-रविवारी डोळ्यांनी बघते.

त्यातलं एक मढं म्हणजे माझा सख्खा, पाठचा भाऊ. त्याला सगळे कप्तान म्हणतात, बाकीची मढीसुद्धा.

हा रंगाच्या गोळ्यांचा खेळ, पेंटबॉल म्हणतात तो, काही पहिल्यापासून असा नव्हता. सुरुवातीला इथे दाट जंगल होतं, आणि बंदूक होती ती जंगलवाल्यांची. कोणतं झाड तोडायचं, त्याच्यावर लांबून रंगाचा ठिपका मारायची बंदूक. कुणाच्या तरी डोक्यात आलं की झाडावर मारतो तर माणसावर का नको? माणसाचं डोकं कुठे चालेल, सांगता येत नाही. माझ्या भावाला तेव्हा नुकतंच मिसरूड फुटलं होतं. वडिलांचा जुना शर्ट, वर्कशॉपमधून मागून आणलेला चष्मा, आणि दर गोळीला दांडा मागेपुढे ओढायला लागणारी ती बंदूक घेऊन तो झुडपात पडून राहायचा. संध्याकाळी घरी यायचा तो अंगभर मुंग्या डसलेला.

"किती जण मारलेस?" मी विचारायचे.

"एक."

"आणि बाकी दिवसभर काय उजेड पाडलास?"

"वाट बघितली."

आई कपाळावर हात मारायची. पण खरं सांगते, त्या झुडपात पोटावर पडून वाट बघताना तो जितका सुखी होता, तितका मला पुन्हा कधी दिसला नाही. त्या खेळाचा कायदाही साधा होता. गोळी लागली की आपला हात आपणच वर करायचा आणि बाहेर यायचं. पंच नाही, कुणी बघितलंय की नाही याचाही प्रश्न नाही. जो गुपचूप रंग पुसून पुढे खेळायचा, त्याला पुढच्या खेपेला कुणी बोलवायचं नाही.

मग स्पर्धा आल्या. बघायला माणसं यायला लागली आणि बघ्यांना झुडपात काय दिसणार, डोंबल? झाडी साफ झाली, मैदान सपाट झालं आणि त्यावर हवा भरलेले रंगीत फुगे उभे राहिले. काही माणसाएवढे, काही मोटारीएवढे आणि एक लांबलचक, जमिनीलगत वळणं घेत गेलेला, त्याला साप म्हणायचे. बंदुका बॅटरीवर चालायला लागल्या. गोळ्या अशा सुटायच्या की नळ फुटल्यासारख्या. चहा गार व्हायच्या आत सामना खलास. माझा भाऊ या खेळात कप्तान झाला. शिट्टी वाजली की तो धाव घ्यायचा, मधेच पोटावर झोकून द्यायचा आणि घसरत थेट सापाच्या तोंडाशी जाऊन थांबायचा. मग सापाच्या आडून सरपटत पलीकडे. त्याचा मागचा माणूस लंबू. लंबू उभा राहून समोरच्यांवर असा मारा करायचा की कुणाला डोकं वर काढता येऊ नये. आणि मधला डॉक्टर. तो कसला डॉक्टर, औषधांच्या दुकानांत फिरून ऑर्डरी घ्यायचा, पण नेम असा की माशीचा डावा पंख सांगा, डावाच. लंबूनं दाबून धरायचं, डॉक्टरनं डोकं टिपायचं आणि कप्तानानं पलीकडे पोचायचं. सामने संपले की तिघंही माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचे आणि मी शिव्या घालत घालत त्यांना वाढायचे. भावजय म्हणायची, यांचं लग्न माझ्याशी झालंय की त्या दोघांशी? पुढे ती तिच्या बहिणीकडे गेली ती गेलीच. ती चुकली असं मी म्हणणार नाही.

कप्तानाचे गुडघेही त्याच काळात गेले. मग कपडे-बूट पुरवणारी कंपनी गेली, बघे गेले. लंबूला मोठ्या ऑफिसात नोकरी लागली, डॉक्टरनं स्वतःचं दुकान काढलं. मैदानावर नवी गिऱ्हाइकं आली, ती लष्करी थाटाची. घरी बायकोला विचारल्याशिवाय कोथिंबीर आणायची हिंमत नाही, आणि इथे इस्त्रीचा गणवेश, कानात वॉकीटॉकी, प्लायवूडचा रणगाडा! सकाळभर नकाशे उघडून बसायचे आणि दुपारी पाच मिनिटं खेळून दमायचे. तीही हौस फिटली. मग वाढदिवसवाले आले. त्यांच्यासाठी बारक्या बंदुका, बारक्या गोळ्या, कुणाला लागता कामा नये, कुणी रडता कामा नये. आणि शेवटी ही ट्रॉली. यात गिऱ्हाइकाला पळायला नको, लपायला नको, उलटी गोळी लागायची भीतीसुद्धा नको. बसायचं आणि मारायचं.

कप्तान मढं झाला त्या पहिल्या दिवशीची गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला माणूस कळेल. ट्रॉली पिंपांपाशी आली, कप्तान बाहेर आला आणि कुणाची तरी पहिलीच गोळी त्याच्या दंडाला लागली. झालं! यानं सवयीनं हात वर केला, मान खाली घातली आणि बाजूला चालायला लागला. ट्रॉलीत हा हशा! एक मुलगा ओरडला, "बाबा, भूत शरण आलं!" परत आल्यावर मैदानाचे मालक कप्तानाला म्हणाले, "अरे बाबा, मुडदा कधी हात वर करतो का?" कप्तान म्हणाला, "लागली होती मालक, दंडाला." मालक माझ्याकडे बघायला लागले. तो हात खाली ठेवायला शिकायला त्याला बरेच दिवस लागले. घरी आला की पाठीवर, मांड्यांवर निळे-जांभळे डाग. मी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायचे आणि बडबडायचे. तो पालथा पडून म्हणायचा, "ताई, मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही. तू शेक."

एवढं सगळं तो का सोसत होता? फुग्यांच्या मैदानासाठी. मैदानाच्या कोपऱ्यात अजून ते फुगे उभे होते. त्यावर कुणी खेळत नव्हतं, पण कप्तान दर शनिवारी सकाळी जाऊन त्यात हवा भरायचा, भोकं पडली असली तर ठिगळं लावायचा, सापाची पाठ ओल्या फडक्यानं पुसायचा. आणि मालकांना ती जागा ट्रॉलीवाल्यांच्या गाड्या लावायला हवी होती. मालक वाईट माणूस नाही. वाईट असता तर बरं झालं असतं, मनसोक्त शिव्या तरी घातल्या असत्या.

"कोण खेळतं तिथे कप्तान?" ते म्हणाले. "चिमण्या?"

"माझी टीम येईल मालक. नुसतं बोलवायचा अवकाश."

मालकांनी बराच वेळ डोकं खाजवलं. मग म्हणाले, "एक रविवार देतो तुला. आण तुझी टीम. मी स्वतः खुर्ची टाकून बघायला बसतो. ते खेळले आणि दर महिन्याला येतो म्हणाले, तर मैदान ठेवतो. नाहीतर सोमवारी हवा काढायची आणि खडी टाकायची. मग तू माझ्याशी वाद घालायचा नाहीस."

कप्तानानं आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून सगळ्यांना फोन केले. मी कांदा चिरत होते, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं.

"हो हो, इथेच आहे की! अरे, मैदान हल्ली मीच बघतो... हो, सगळं माझ्याकडेच... मालकांना वेळ कुठे असतो..."

फोन ठेवल्यावर मी सुरी खाली ठेवली. "काय रे, मैदान तू बघतोस?"

"बघतोच की. दर शनिवारी बघतो." मग म्हणाला, "ताई, ते मढ्याचं त्यांना कळता कामा नये. एकदा मैदानात उतरले ना, की सुटायचे नाहीत. दर महिन्याला येतील. लंबू तर रडेल बघ."

"सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही तुझा," मी म्हणाले.

तो हसला. आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे उठून गुडघ्याला पट्ट्या बांधून जिन्यावर चढउतार करायला लागला. खालच्या गाळ्यात मोटारींच्या वाइंडिंगची दुरुस्ती करणारा मला विचारायला आला, वरती काय फर्निचर हलवताय का? मी त्याला हाकलून दिलं. मला त्या पावलांच्या आवाजानं बरं वाटत होतं, आणि धडकीही भरत होती. या माणसाकडे या रविवारशिवाय दुसरं काहीही उरलेलं नाही, हे मला आवाजावरून कळत होतं.

रविवारी ते आले, सगळे आले. मला वाटलं होतं निम्मे टांग देतील, पण नाही. बायका, मुलं, पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, सगळं घेऊन आले. लंबूनं कप्तानाला उचलायचा प्रयत्न केला आणि कंबर धरून खाली बसला. डॉक्टरच्या डोक्यावर एकही केस उरला नव्हता. "ताई!" करून दोघं माझ्या पाया पडायला वाकले आणि अर्ध्यातच थांबले. मी म्हटलं, "राहू दे, पोहोचलं." कप्तानानं सगळ्यांच्या जुन्या जर्सी धुऊन, घड्या घालून बाकावर मांडल्या होत्या. लंबूची जर्सी पोटापर्यंत आली आणि तिथेच थांबली. बायका हसून हसून बेजार झाल्या. कप्तानही हसत होता. त्याच्या पायांना उसंत नव्हती, तो या फुग्याकडून त्या फुग्याकडे सगळ्यांना फिरवत होता.

"अरे," डॉक्टर कमरेवर हात ठेवून म्हणाला, "साप केवढासा वाटतोय रे! मला आठवत होता तो भलामोठा."

"तेवढाच आहे," कप्तान म्हणाला. "तू सुटलायस."

मालक कबूल केल्याप्रमाणे खुर्ची टाकून बसले होते. आणि तेवढ्यात मुलांना ट्रॉली दिसली.

मुलांना ट्रॉली दिसल्यावर काय होणार, ते तुम्हीच सांगा. लंबूच्या मुलीनं तर जमिनीवर बसकणच मारली. "बरं बरं," लंबू म्हणाला, "आधी मुलांची एक फेरी होऊन जाऊ दे, मग आपण निवांत खेळू." बायका म्हणाल्या, आम्हीही येतो. मग पुरुष म्हणाले, मुलांवर लक्ष ठेवायला आम्हीही येतो. ट्रॉली भरली. आणि मढी बघावीत तर त्या दिवशी एकच हजर, कप्तान! बाकीची कॉलेजची पोरं, त्यांच्या परीक्षा आलेल्या. मालकांनी कप्तानाला बाजूला घेतलं. ते काही बोलायच्या आतच कप्तान म्हणाला, "मी जातो. एकच फेरी आहे."

मी त्याला शेडच्या मागे गाठलं. तो स्पंजचे कपडे चढवत होता.

"अक्कल गहाण ठेवलीस का? तुझीच माणसं तुला..."

"मुलं खूश झाली की बायका खूश, आणि बायका खूश झाल्या की हे दर महिन्याला येतील. तुला हिशोब कळत नाही ताई." त्यानं रबरी चेहरा ओढला. आतून आवाज आला, "विचारलंच तर सांग, मी फुग्यांची हवा तपासतोय."

पहिली फेरी साधी झाली. कप्तान पिंपामागून निघाला, ट्रॉलीकडे आला, डोक्यात गोळी बसली, पडला, आणि आडवाटेनं जाऊन पुढच्या पिंपामागून पुन्हा उठला; ट्रॉलीतल्यांना वाटावं, मढी पुष्कळ आहेत. पण मी आरशात बघत होते. लंबूनं आणि डॉक्टरनं बंदुका हातात घेतल्या मात्र, त्यांचे खांदे खाली आले, मान तिरकी झाली. हात विसरत नाहीत हो. बाकीच्यांच्या गोळ्या झाडांना लागत होत्या, या दोघांची एकही वाया गेली नाही. परत आल्यावर मुलं खाली उतरायलाच तयार नाहीत. "ताई," लंबू मुलांपेक्षा मोठ्यानं ओरडला, "अजून एक होऊ द्या!"

दुसऱ्या फेरीला कप्तानाच्या मनात काय आलं, ते मला लगेच कळलं. त्याला त्यांच्यात खेळाची भूक जागी करायची होती. पिंपाकडून तो असा सुटला की मीच दचकले. वाकून, नागमोडी, एका आडोशाकडून दुसऱ्याकडे. मोडक्या गुडघ्यांचा तो माणूस धावला, मधेच पोटावर झोकून दिलं, घसरत जाऊन रस्त्याकडेच्या चरात पडला आणि चराच्या आतून सरपटायला लागला. ती धाव मी कुठेही ओळखेन. जिनं ती धाव बघून शिट्ट्या मारल्यात, तिला रबरी चेहरा काय फसवणार? मला वाटलं, आता कळणार यांना. आता उतरणार खाली.

लंबू उभा राहिला. त्याच्या बंदुकीतून गोळ्या सुटायच्या थांबल्या. "डॉक्टर," तो म्हणाला, "हे बघ, हे बघ काय पळतंय!"

मी ब्रेक दाबला. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, की अरे गाढवांनो, तुमचा कप्तान आहे तो.

"चरात आहे," लंबू ओरडला. आवाज तोच, मैदानावरचा. "मी दाबून धरतो, तू डोकं घे!"

आणि त्यानं मारा सुरू केला. चराच्या काठावर रंगाची रेघ उमटली, माती उडाली. कप्तानाला ना पुढे जाता येईना, ना मागे. डॉक्टरनं बंदूक टेकवली, एक डोळा मिटला आणि थांबला. इतकी वर्षं झाली तरी त्या दोघांना त्याहून जास्त एक शब्दही बोलावा लागला नाही. मला रबरी टाळू दिसली, थोडीशीच, आणि डॉक्टरची गोळी तिथेच फुटली.

ट्रॉलीत जो काय कल्ला झाला! बायका टाळ्या वाजवायला लागल्या. लंबू आणि डॉक्टर एकमेकांना मिठी मारून नाचत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होते. "जमलं!" लंबू म्हणत होता, "अरे, अजून जमतंय आपल्याला!" लंबू रडेल, असं कप्तान म्हणाला होता. रडला की. मी गिअर टाकला. आरशात कप्तान चरात आडवा होता. ट्रॉली वळली तरी आडवाच होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कुणाला देणार? त्यांना माहीत नव्हतं आणि मी सांगितलं नाही.

त्यानंतर आणखी फेऱ्या झाल्या. मी मोजल्या नाहीत. मला फक्त त्यांचं हसणं ऐकू येत होतं आणि मला त्या हसण्याचा राग राग येत होता.

उन्हं कलली तेव्हा मुलांना भूक लागली. सगळे गाड्यांपाशी बिस्किटं खात उभे होते. कप्तान शेडमधून आला. तोंड धुतलेलं, केस ओले, अंगात जर्सी, गुडघ्याला पट्ट्या, हातात जुनी बंदूक. मानेवर एक लाल वळ उठला होता, तो झाकायला त्यानं कॉलर वर केली होती.

"चला," तो म्हणाला. "उतरायचं?"

डॉक्टरनं डोळे विस्फारले. "आता? अरे, कंबरेचा काटा ढिला झालाय. ट्रॉलीतच घाम निघाला माझा."

"एकच डाव."

"कुठे होतास तू दिवसभर?" लंबूनं त्याच्या पाठीवर सणसणीत थाप मारली. कप्तानानं दात आवळले, पण हसणं सोडलं नाही. "हवा कसली तपासत बसलास! इकडे काय धमाल आली माहितीये? खरं सांगू का, आपण तेव्हा जे करायचो ना, तो निव्वळ वेडेपणा होता. ढोपरं फोडून घ्या, बोलणी खा. हे बघ कसं, बायकामुलं बरोबर, बसल्या जागी. मी मालकांशी बोललोसुद्धा. दर महिन्याला येणार आम्ही. ठरलं."

"दर महिन्याला?" कप्तान म्हणाला. त्यानं खुर्चीकडे बघितलं.

मालक उठून उभे राहिले होते. "ट्रॉलीचं म्हणतायत ते," मालक हळूच म्हणाले आणि पायाखाली बघायला लागले.

"छान," कप्तान म्हणाला. "छान झालं."

"फक्त एक सांगायचंय, तू इथला सगळा कारभार बघतोस म्हणून," लंबू म्हणाला. "त्यातलं एक मढं आहे ना, पळणारं. त्याला जरा समजाव. आम्हाला मजा आली, पण मुलं हिरमुसली. माझी मुलगी म्हणाली, बाबा, हे मढं नाहीच, हा माणूस आहे. मढ्यानं कसं मढ्यासारखं चालावं. मुलांना भीती वाटायला हवी की नको?"

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. मी पुढे झाले, तोंड उघडलं. कप्तानानं माझ्याकडे बघितलं, बस्स, एकदाच. लहानपणी तो आईच्या मारातून सुटायला असाच माझ्याकडे बघायचा, ताई, सांगू नकोस ना. मी तोंड मिटलं.

"सांगतो त्याला," कप्तान म्हणाला.

त्यानं सगळ्यांशी हात मिळवले. मुलांचे गाल ओढले. गाड्या वळेपर्यंत हात हलवत उभा राहिला. मालक जवळ आले, काहीतरी बोलणार होते. कप्तानच म्हणाला, "उद्या कशाला मालक? मी आत्ताच काढतो हवा." आणि गेला, आणि एकेका फुग्याचं बूच काढत सुटला. फुगे हळूहळू बसायला लागले. साप शेवटी बसला, त्याला फार वेळ लागला. कप्तान त्याच्या शेजारी उकिडवा बसून वरून हातानं दाबत होता, हवा नीट बाहेर जावी म्हणून.

मला राहवेना. मी जाऊन त्याच्या दंडाला धरलं. "ऊठ. पुरे झालं आता. उद्यापासून इथे पाऊल ठेवायचं नाही तू. खाली वाइंडिंगवाल्याला माणूस हवाय, मी बोलते त्याच्याशी. नाहीतर नुसता घरी बस, मी काय तुला उपाशी मारणार आहे? पण इथे नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"मग?"

"पुढच्या महिन्यात ते येणार आहेत ना ताई."

"येऊ देत मेले!"

"मी नसलो तर मग मला कधी भेटणार ते?" त्यानं अगदी सरळ विचारलं. त्यात लाज नव्हती, कुरकुर नव्हती. मी रडायला लागले आणि त्याला आणखी चार शिव्या घातल्या. त्यानं रिकाम्या सापाची घडी घालायला घेतली. मी दुसरं टोक धरलं. आम्ही चादरीसारखी त्याची घडी घालून शेडमध्ये ठेवली.

बाहेर आल्यावर तो थांबला.

"ताई, तू दर फेरीला ट्रॅक्टरवरून बघतेस. ती कॉलेजची पोरं बरोबर चालतात ना? मुलं त्यांना घाबरतात."

"घाबरतात."

"मला आतून कळत नाही. चालून दाखव ना, कसं चालतात ते."

"वेड लागलंय का तुला?"

"दाखव ना."

मी आजूबाजूला बघितलं. मालक गेले होते. फुग्यांची जागा रिकामी झाली होती, गवतावर त्यांच्या आकाराचे पिवळे डाग होते. मी पदर खोचला, हात लुळे सोडले, मान एका खांद्यावर टाकली आणि एक पाय ओढत ओढत चालायला लागले. मागून त्याच्या पावलांचा आवाज यायला लागला. मी वळून बघितलं. तो माझ्या मागोमाग येत होता, जर्सीतच, पट्ट्या बांधलेला गुडघा ओढत.

"असं?" त्यानं विचारलं.

"अजून हळू," मी म्हणाले.